पॅनलवर १:५८, घड्याळात अडीच तास

वॉशिंग मशीनवर दिसणाऱ्या वेळेबद्दल या महिन्यात इतकी पत्रं आलीत की मिक्सर आणि गिझरचे प्रश्न पुढच्या अंकात घ्यायचं ठरवलं. विषय मला स्वतःलाही महत्त्वाचा वाटतो, कारण पाणी यायची वेळ, कामाच्या मावशी यायची वेळ, आपली गाडीची वेळ हे सगळं आपण त्या पॅनलवरच्या आकड्यावर बांधतो आणि तो आकडा पाळला गेला नाही की सगळी ओढाताण घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला येते. पत्रं थोडी कापून देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं ७ किलोचं फ्रंटलोड आहे, तीन वर्षं झाली. कॉटन ४० ला लावलं की १:५८ दाखवतं पण कपडे बाहेर यायला अडीच तास तरी जातात. शेवटी ९ मिनिटांवर येऊन बसतं, तिथेच पंधरा-वीस मिनिटं, मग एकदम १२ होतं आणि परत ९. आमच्याकडे पाणी सकाळी साडेसहा ते साडेआठ, मला ८:१० ची लोकल, मशीन चालू ठेवून निघायचं म्हणजे जीव टांगणीला. सर्व्हिसवाला आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला पीसीबी गेलाय, साडेसहा हजार होतील. मिस्टर म्हणतात बदलून टाकू एकदाचा. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, बदलू नका. निदान आत्ता तरी नाही, आधी खाली सांगते ते करून बघा, त्याला एक पैसा लागत नाही.

आधी आकड्याचं बघू. स्टार्ट दाबल्यावर पहिल्यांदा जे १:५८ दिसतं ते मशीनने तुमचे कपडे बघून काढलेलं नसतं, तो त्या प्रोग्रामचा ठरलेला आकडा असतो, म्हणजे नळाला चांगलं प्रेशर आहे, व्होल्टेज २३० आहे, कपडे ड्रममध्ये नीट पसरलेत, फेस बेताचा आहे असं सगळं धरून. मग ड्रम कोरडाच थोडा पुढेमागे फिरतो, तेव्हा मोटरला किती जोर लागतो त्यावरून कपडे किती आहेत ते कळतं आणि आकडा एकदा बदलतो. त्यानंतरची बरीचशी कामं घड्याळावर चालत नाहीत. पाणी लेव्हल येईपर्यंत भरतं, मग त्याला तीन मिनिटं लागोत की तेरा. सेन्सरने ४० सांगितलं की मगच हीटर बंद होतो. कपडे समतोल बसले की मगच स्पिनचा स्पीड वाढतो. पॅनलवरचा आकडा मात्र मिनिटामिनिटाने उतरत राहतो आणि एखादं काम लांबलं की तो तिथेच धरून ठेवला जातो किंवा वाढवला जातो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, किती उशीर झाला ते नंतर बघा, आकडा कुठे अडकला ते आधी बघा. सुरुवातीलाच अडकला तर पाणी, मधे अडकला तर हीटर नाहीतर ड्रेन, शेवटच्या दहा-बारा मिनिटांत अडकला तर स्पिन. तुमचा ९ वर अडकतोय, म्हणजे स्पिन, आणि ९ चे १२ होतात याचा अर्थ मशीन परत परत प्रयत्न करतंय.

होतं काय की स्पिनच्या आधी ड्रम मिनिटाला साधारण ८०-९० फेऱ्यांवर फिरतो, या स्पीडला कपडे ड्रमच्या भिंतीला चिकटून बसतात आणि मोटरच्या चालीवरून मशीनला कळतं की वजन एका बाजूला जास्त आहे का. जास्त असेल तर ते थांबतं, ड्रम उलटसुलट हलवून कपडे सोडवतं, परत स्पीड घेतं, परत बघतं. मशीन इतकं जपून का वागतं तर हिशोब असा आहे, एका बाजूला फक्त ३०० ग्रॅम जास्त असेल, म्हणजे एक ओला टी-शर्ट धरा, आणि ड्रम १२०० च्या स्पीडला गेला तर साधारण ११५ किलो वजनाइतका ओढा एका बाजूला बसतो आणि तो सेकंदाला वीस वेळा दिशा बदलतो. बेअरिंग, शॉकअप, खालची फरशी, सगळ्याला ते सोसावं लागतं. तेव्हा मशीन जे करतंय ते बरोबरच करतंय, फक्त पॅनलवर त्याचं कारण लिहून येत नाही आणि आपण इकडे घड्याळ बघत बसतो. फारच झालं तर मग एरर येतो, एलजीला यूई, सॅमसंगच्या नव्या फ्रंटलोडला यूबी.

आता तुम्ही काय धुताय ते बघा. एकटी जाड डबल बेडशीट, एकटी बाथमॅट, दोन जीन्स आणि बाकी सगळे रुमाल-मोजे, या तिन्हीला हमखास त्रास होतो, कारण जड वस्तू एकच असेल तर तिला समोरून तोलायला काही नसतं. दोन चादरी एकत्र टाका, एक नको. लहानमोठे कपडे मिसळा. आणि रजईची खोळ किंवा मोठे अभ्रे धुवायला टाकताना चेन किंवा बटणं लावूनच टाका, नाहीतर धुताना सगळे छोटे कपडे एकेक करून त्या खोळीत शिरतात आणि शेवटी आत एक ओलं गाठोडं तयार होतं, ते काही केल्या समतोल बसत नाही. हे मी सर्व्हिस सेंटरला होते तेव्हा कितीतरी घरी बघितलंय, दार उघडलं की खोळीच्या आत अख्खा लोड.

मग मशीनच्या वरच्या चार कोपऱ्यांवर आळीपाळीने हात दाबून बघा, थोडं जरी डुललं तर पायाचे स्क्रू फिरवून लेव्हल करा आणि त्यावरचा नट घट्ट करायला विसरू नका. खाली चाकांचा स्टँड घातला असेल तर तो काढून बघा, माझं मत स्पष्ट आहे की फ्रंटलोडखाली चाकं नकोच.

आणि पीसीबीची परीक्षा अशी. ड्रम रिकामा ठेवा, रिन्स-स्पिन लावा, मोबाईलवर स्टॉपवॉच. दाखवलेल्या वेळेच्या आसपास संपलं म्हणजे पीसीबी, मोटर, पंप तिघंही ठीक आहेत, त्रास कपड्यांच्या मांडणीचा आहे. रिकामं असूनही तिथेच अडकलं तर मात्र दुसऱ्या एखाद्या माणसाला दाखवा आणि आधी शॉकअप आणि बेल्ट बघायला सांगा. दोन मिनिटांत पीसीबी सांगणाऱ्याला परत बोलावू नका, साडेसहा हजार ही काही सहज द्यायची रक्कम नाही.

तुमच्या पाण्याचं आणि लोकलचं राहिलं. कॉटन ४० ला शेवटच्या रिन्सचं पाणी साधारण संपायच्या अर्धा तास आधी भरतं, त्यामुळे साडेसहाला लावलेलं मशीन लांबलं तर साडेआठला पाणी जायच्या बेतालाच अडकणार. रोजच्या घामाच्या कपड्यांना कॉटन ४० कशाला, डेली किंवा मिक्स थंड पाण्यावर लावा, बहुतेक मशीनला ते तासाभराच्या आसपास होतं. कॉटन रविवारी. आणि शेवटी १ मिनिट दाखवून दोन-तीन मिनिटं दार उघडत नाही त्याची काळजी करू नका, ड्रम पूर्ण थांबून दाराचं लॉक सुटायला तेवढा वेळ जातोच. हँडल ओढू नका, लॉक तुटतं.

प्रश्न : आम्ही बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी बरोबर डोक्यावर आहे त्यामुळे पाण्याला प्रेशर असणारच. ८ किलोचं टॉपलोड. ५२ मिनिटं दाखवतं आणि सव्वा तास होतो. पाणी भरताना आकडा हलतच नाही, मधूनमधून आयई पण येतं. खालच्या तिसऱ्या मजल्यावर बहिणीकडे हेच मॉडेल आहे, तिचं वेळेत होतं. आम्हाला डिफेक्टिव्ह पीस दिला का?
— एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : पीस चांगला आहे आणि टाकी डोक्यावर आहे हाच तर प्रॉब्लेम आहे. टाकीच्या पाण्याचं प्रेशर हे फक्त उंचीतून येतं, पाण्याच्या पातळीपासून तुमच्या नळापर्यंत सरळ खाली किती अंतर आहे तेवढंच. १० मीटर उंचीला साधारण १ बार, बार हे प्रेशर मोजायचं माप. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत कमीत कमी ०.३ बार लागतं असं लिहिलेलं असतं, म्हणजे ३ मीटर. तुमच्या घरी टाकी अर्धी रिकामी झाली की तेवढं जेमतेम मिळणार किंवा तेही नाही, आणि बहिणीला मधले मजले धरून दहा-बारा मीटर सहज जास्त मिळतात. आयई म्हणजे ठरलेल्या मुदतीत पाण्याची लेव्हल आली नाही.

हिशोब घरीच करता येतो. नळाचा पाईप मशीनपासून सोडवा, १० लिटरची बादली लावा, नळ पूर्ण सोडा आणि वेळ बघा. मिनिटाभरात भरली तर उत्तम. अडीच मिनिटं लागली तर मिनिटाला ४ लिटरच येतंय. टॉपलोडला वरची लेव्हल भरायला ५० लिटरच्या घरात पाणी लागतं असं धरा, ते चांगल्या नळाला ५ मिनिटांत आणि तुमच्या नळाला साडेबारा मिनिटांत भरणार. एक धुणं आणि दोन रिन्स असं तीनदा भरायचं, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटं जास्त, आणि ५२ मध्ये ती घातली की तुमचा सव्वा तास बरोबर आला.

पण प्रेशर वाढवणाऱ्या पंपाच्या मागे लागायच्या आधी जाळी बघा, निम्म्या घरात एवढ्यावरच काम होतं. नळ बंद करा, प्लग काढा, मशीनच्या मागे पाईप जिथे बसतो तिथला नट हाताने सोडवा. आत नखाएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल, तिच्या मधल्या कण्याला बारीक पकडीने धरून हळू सरळ बाहेर ओढा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर त्यावर बारीक वाळू आणि चिकट गाळाचा थर असतो, बोट फिरवलं तर खरखर लागतं. जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा, जाळीचे दात तोडू नका, परत बसवा. पाईपच्या नळाकडच्या टोकाला पण काही मॉडेलना एक जाळी असते, ती लोक विसरतात. लावून झाल्यावर नळ सोडून गळत नाही ना बघा, रबरी वॉशर वाकडं बसलं तर हळूहळू ठिबकत राहतं.

अजून एक, तुमच्या मशीनला गरम आणि थंड असे दोन इनलेट असतील आणि गरम जोडलेलंच नसेल तर पाण्याची सेटिंग कोल्डलाच ठेवा. वॉर्मवर ठेवली की मशीन दोन्ही वाल्व उघडून बसतं आणि पाणी एकातूनच येतं. हे सगळं करूनही बादलीला अडीच मिनिटं लागत असतील तर मग टाकीच्या लाईनवर छोटा प्रेशर पंप बसवायचा, सोसायटीची परवानगी घेऊन. तोपर्यंत सकाळी सगळी बिल्डिंग अंघोळीला असताना लावू नका, दुपारी लावा, फरक लगेच कळेल.

प्रश्न : मी कपडे आधी रात्रभर बादलीत भिजवते, कॉलर-बाह्या घासते आणि सकाळी मशीनला टाकते. ४५ दाखवायच्या ऐवजी थोड्या वेळाने ६२ होतं आणि पाणीही भरपूर घेतं. नवीन मशीन आहे. सासूबाई म्हणतात पूर्वीचंच बरं होतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भिजवलेले कपडे टाकताय म्हणून होतंय. मशीन कपडे किती ते सुरुवातीला पाणी नसताना, मोटरला किती जड जातंय त्यावरून ठरवतं. सुक्या ३ किलो कपड्यांनी पाणी पिऊन ठेवलं असेल तर ते सहज ६ किलोचे होतात आणि मशीन समजतं आज मोठा लोड आहे, म्हणून पाणी मोठं, वेळ मोठा. कॉलर घासायची सवय सोडू नका, ती फार चांगली आहे, पण घासून झाल्यावर कपडे चांगले पिळून टाका किंवा ऑटो लेव्हल न ठेवता पाण्याची लेव्हल स्वतः निवडा. मशीनचाच सोक ऑप्शन असेल तर तो सगळ्यात बरा, म्हणजे मोजमाप सुक्या कपड्यांचं होतं.

आणि पावडर कुठली वापरताय ते लिहिलं नाहीत. बादलीची पावडर असेल तर ती भिजवण्यातून आधीच कपड्यांत गेलेली असते, वरून मशीनमध्ये परत टाकली की फेस मावत नाही. फ्रंटलोड तर फेस जास्त झाला की स्पिन सोडून परत पाणी घेऊन एक जास्तीची रिन्स मारतं, दहा-पंधरा मिनिटं त्यात जातात. मशीनसाठीची कमी फेसाची पावडर घ्या आणि ती पुडीवर लिहिलीय तेवढीच. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, सासूबाईंना दुखवू नका पण एकदा कमी पावडरवर धुऊन कपडे त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : अर्जंट आहे. मशीन तास झाला पाणी घेतंय, वेळ ०:४८ वरच, आणि मोरीत पाणी सतत जातंय. टाकी रिकामी होईल. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला फोनवर सांगितलं होतंच, बाकीच्यांसाठी छापतेय. आधी नळ बंद, मग प्लग. मशीन एका बाजूने भरतंय आणि दुसऱ्या बाजूने पाणी आपोआप निघून जातंय, लेव्हल कधीच येणार नाही आणि आकडाही कधीच हलणार नाही. फ्रंटलोड असेल तर ड्रेन पाईपचं टोक फार खाली आहे किंवा ड्रेनेजच्या पाईपमध्ये टेप लावून घट्ट बसवलंय. ते जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच घ्या आणि भोवती हवा जायला जागा ठेवा. तुमच्यासारखं पंप नसलेलं टॉपलोड असेल तर मात्र पाईप खालीच असावा लागतो, तिथे ड्रेन वाल्वमध्ये हेअरपिन, नाणं किंवा दोऱ्याचा गुंता अडकलेला असतो. ते मेकॅनिककडूनच काढून घ्या.

प्रश्न : ताई, मी श्टुटगार्टला असते. नवीन मशीन घेतलं, इको ४०-६० ला ३ तास १९ मिनिटं दाखवतं. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून आई म्हणाली अगं इतका वेळ घोळवल्यावर कपडे उरतील का. इथे रात्री दहानंतर आवाज केलेला चालत नाही, ऑफिसमधून येऊन लावलं तर पोचतच नाही. आणि ३:१९ तरी खरं कुठे असतं, कधी पावणेतीन तासात संपतं.
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : आईंना सांगा कपडे उरतील, बिचकायचं कारण नाही, त्या तीन तासांतला बराच वेळ ड्रम हळू हलतो आणि थांबतो. कपडे स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात, पाण्याची गरमी, साबण, हालचाल आणि वेळ, आणि एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. ही मांडणी तुमच्याच देशातल्या हेंकेल कंपनीचे केमिस्ट हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये केली, आजही सगळा धुलाईचा धंदा त्यावर चालतो. मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, म्हणून इको प्रोग्राम गरमी कमी करतो आणि ती भरपाई वेळेतून काढतो. त्यात ४० आणि ६० चे कपडे एकत्र धुता येतात पण पाणी खरंच तितकं तापतंच असं नाही, बऱ्याचदा कमीच असतं.

१ मार्च २०२१ पासून युरोपात जे नवीन एनर्जी लेबल आलं त्यावर याच इको प्रोग्रामला पूर्ण लोडला किती वेळ लागतो ते तास-मिनिटांत छापावं लागतं. मला हे फार आवडलं. घ्यायच्या आधीच कळतं. आपल्याकडे दुकानात कपॅसिटी, स्टार, मोटरची वॉरंटी सगळं ठळक असतं, वेळही तशीच ठळक छापा, आणि कमी प्रेशरला किती लागेल तेही सांगा अशी मागणी आपण ग्राहकांनी करायला हवी.

पावणेतीन तासात संपतं कारण तुमचा लोड अर्धा असतो आणि मशीन वेळ कापून घेतं, ही चूक सुखाची आहे. दहाच्या आधी पोचायचं असेल तर डिले एंड वापरा, त्यात मशीन कधी सुरू व्हावं हे न सांगता कधी संपावं ते सांगायचं असतं. सकाळी निघताना कपडे भरून संध्याकाळी घरी पोचायची वेळ लावा. मात्र तो शेवटही अंदाजावरच ठरलेला असतो, अर्धा तास इकडेतिकडे धरा. घाई असेल त्या दिवशी साधा ४० चा छोटा प्रोग्राम लावा, थोडी वीज जास्त जाईल, जाऊदे.

गरम पाण्याचं विचारणारी पत्रं इथलीही आहेत म्हणून इथेच सांगते. १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० ला न्यायला २ किलोवॅटच्या हीटरला साधारण २१ मिनिटं लागतात, कपडे आणि ड्रम तापायचे ते वेगळे. मे महिन्यात टाकीचं पाणी २८ ला असेल तर सतरा मिनिटांतच होतं. आणि गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं तर हीटरची ताकद पाऊणच उरते, तेच काम अठ्ठावीस मिनिटांवर जातं. एकच मशीन, एकच प्रोग्राम, पण वेळ ऋतूप्रमाणे आणि लाईटप्रमाणे बदलते ती अशी.

प्रश्न : आमच्या सेमी ऑटोमॅटिकचा टायमर पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच मिनिटं. मुलगा फुल्ली घ्या म्हणतो. घ्यावं का?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, तुमच्या मशीनचा टायमर चावी दिलेल्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो, त्याला पाणी किती, कपडे किती याच्याशी काही देणंघेणं नाही म्हणून तो चुकत नाही. पाणी भरायला आणि कपडे इकडून तिकडे टाकायला जो वेळ जातो तो मात्र तुमचा आणि आजींचा जातो, तो टायमरवर दिसत नाही. पाणी ठराविक वेळेलाच येत असेल, बादलीने भरायची सोय हवी असेल आणि ओले कपडे उचलायला पाठ साथ देत असेल तर सेमीच ठेवा, अजून चांगली सेवा देईल. ओले कपडे उचलणं जड जात असेल तर मुलाचं ऐका, वेळेचा विचारच करू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून वॉशर-ड्रायर घेतला, ८ किलो धुणं ५ किलो ड्राय. वॉश-ड्राय लावलं की ४:१० दाखवतं, मग शेवटी ०:२० वर तासभर. कधी कपडे तरीही दमट. इतकी महाग वस्तू.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी विचारते, धुतलेले सगळे ८ किलो तसेच वाळवायला ठेवता का? वाळवायला ड्रममध्ये कपडे मोकळे उडायला जागा लागते म्हणूनच ५ किलो लिहिलंय, आणि जाड सुती कपडे, टॉवेल असतील तर मी ४ च म्हणेन. धुऊन झाल्यावर थांबवा, निम्मे कपडे काढा, मग ड्राय.

ड्रायरचा आकडा सगळ्यात कच्चा असतो कारण कपड्यांत पाणी किती उरलंय हे मशीनला आधी कळत नाही. आतल्या हवेचं तापमान कसं चढतंय यावरून ते अंदाज करतं, कपडे ओले असेपर्यंत पाणी उडण्यात उष्णता जाते आणि हवा फार तापत नाही, सुकायला लागले की ती पटकन चढते. जाड जीन्सचा कमरेचा पट्टा ओला राहिला की आकडा तिथेच थांबतो. म्हणून एका वेळी एका जाडीचे कपडे वाळवा, साड्या-कुर्ते एकदा, टॉवेल-जीन्स एकदा.

स्पिन पूर्ण स्पीडला ठेवा. १००० फेऱ्यांना सुक्या कपड्यांच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी उरतं, १४०० ला ५० च्या आसपास. ५ किलोला हा फरक अर्धा लिटर पाण्याचा आणि तेवढं उडवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये गरम हवेतली वाफ थंड करायला नळाचंच पाणी वापरतात, म्हणजे कपडे वाळत असताना पाणी चालू लागतं. टाकी संपली किंवा कोणी वाल्व बंद केला की वाफ आतच फिरत राहते, आकडा अडकतो आणि कपडे दमट. तुमच्या पुस्तिकेत वॉटर कंडेन्सिंग लिहिलंय का ते बघा, असेल तर ड्राय लावायच्या आधी टाकीत पाणी आहे ना बघून घ्या आणि नळ शेवटपर्यंत चालू ठेवा.